बंबाचा हिशेब

आमचं तिसगाव पाथर्डी तालुक्यात. नगरहून निघालं अन् करंजीचा घाट मागं टाकला की येणारं, गर्भगिरीच्या डोंगराजवळचं गाव. जवळच कानिफनाथांची मढी, डोंगरात वृद्धेश्वर. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. त्यामुळं पाऊस आमच्या बोलण्यात जास्त अन् शिवारात कमी. दुष्काळाबद्दल आमच्या भागातली माणसं तासन्‌तास बोलतील, पण थंडीबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटपतात. थंडी हे काही दुःख नव्हेच. घोंगडी पांघरली की झालं.

खरं तर कोरड्या मुलखाची थंडी बोचरी. हवेत ओल नाही, आभाळात ढग नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब उघड्या आभाळाला देऊन मोकळी होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ८-९ अंशांवर उतरतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. निफाडला पारा शून्याजवळ गेला, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं, अशा बातम्या याच दिवसांत येतात. आमच्याकडं पाणी गोठत नाही, पण पहाटे रांजणात हात घातला तर बोटं आपली राहत नाहीत.

अशा दिवसांत घरातली सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे बंब. आमचा बंब तांब्याचा, कमरेएवढा उंच, मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला लागून उभा. बाहेरचं पोट पाण्याचं, मधोमध उभी नळी जाळाची. नळीच्या बुडाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडायची. वरून लाकूड सोडायचं, वरूनच धूर निघायचा. पाणी ओतायला वर तोंड, काढायला खालच्या अंगाला पितळी तोटी. बंब हा शब्द म्हणे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत बोंबा म्हणजे पंप. म्हणून आग विझवायला येतो तोही बंब, अन् ज्याच्या पोटात आग असते तोही बंब.

बंब बघायला साधा, पण तो चालता ठेवणं हे रोजचं काम होतं. आमच्याकडचं बोअरचं अन् विहिरीचं पाणी जड. दर हंगामाला आतल्या नळीवर खडूसारखा क्षारांचा थर बसायचा. थर जाड झाला की जाळ तेवढाच लागतो, पाणी मात्र तापत नाही. लाकूड खाऊन बंब नुसता बसून राहतो. मग आई ताकाचं आंबट पाणी रात्रभर आत ठेवून, सकाळी खडखड हलवून ते ओतून द्यायची. दिवाळीआधी चिंच-मीठ लावून बंब घासला की तो लग्नातल्या करवल्यासारखा चमकायचा. जाळीतली राख रोज काढायची, नाहीतर खालून वारा लागत नाही अन् जाळ धुमसतो. सरपण रात्रीच आत घ्यायचं, कारण पहाटेच्या दवानं पऱ्हाट्या-तुराट्या ओलावतात. बाभळीचे ढलपे सगळ्यात चांगले, गोवरी पेटायला उशीर पण निखारा टिकवणारी. अन् बंब रात्रीच भरून ठेवायचा. पहाटे चार वाजता गार दोराला हात लावून विहिरीचं पाणी ओढायची पाळी कुणावर येऊ नये म्हणून.

हे सगळं कोण करायचं, ते वेगळं सांगायला नको.

आजीचे बंबाबद्दल तीन नियम होते. पहिला, रिकाम्या बंबाखाली जाळ घालायचा नाही. दुसरा, जेवढं ऊन पाणी काढलं तेवढं गार पाणी ओतायचं. तिसरा, जाताना एक लाकूड सारायचं. पहिला नियम धातूसाठी: पाणी नसताना आच लागली तर जोडावरचा डाख वितळतो अन् बंब गळायला लागतो. दुसरा नियम मागच्या माणसासाठी. अन् तिसरा?

तिसरा नियम घरात कुणी पाळत नसे. दुसरा मात्र सगळे काटेकोर पाळत. एक बादली काढली की एक बादली ओतली, की माणूस ऋणातून मोकळा. आजोबा तर ओतलेल्या बादलीचा आवाज सगळ्या घराला ऐकू जाईल अशा बेतानं ओतायचे. मला वाटतं, न्यायाची माझी पहिली कल्पना त्या आवाजातून तयार झाली. घेतलं तेवढं दिलं, मिटलं.

ते मिटत नाही, हे गणितानं दाखवता येतं. बंबात ४० लिटर पाणी आहे अन् ते ७० अंश तापलंय असं धरा. घरातल्या सात माणसांनी प्रत्येकी १० लिटर काढायचं अन् १५ अंशांचं १० लिटर गार पाणी ओतायचं. जाळ विझत आलाय, कुणी लाकूड सारत नाही. पहिल्याला ७० अंशांचं पाणी मिळतं. दुसऱ्याला ५६. तिसऱ्याला ४६. चौथ्याला ३८, म्हणजे अंगापेक्षा जेमतेम ऊन. पाचव्याला ३२, सहाव्याला २८. सातव्याला २५. सात जणांनी सात बादल्या घेतल्या, सात ओतल्या. बंब काठोकाठ भरलेला. हिशेबाची वही तपासली तर एका थेंबाची अफरातफर सापडणार नाही.

आमच्याकडं पहिले आजोबा, दुसरे तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, तिसरे वडील, मग शाळेला जाणारी आम्ही तीन पोरं. आजी दुपारी उन्हात ठेवलेल्या घागरीनं न्हायची. सातवी आई. जिनं पहाटे चारला उठून बंब पेटवला, तिची पाळी बंब गार झाल्यावर.

यात वाईट कोण होतं? कुणीच नाही. हीच त्यातली अडचण आहे. माझे वडील मायाळू होते, आजोबांनी आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही, तात्या शाळेत मास्तर, न्यायाबद्दल पोरांना शिकवणारे. कुणी नियम मोडला नव्हता. दांडगाईनं, हिसकावून कुणी काही घेतलेलं असलं की नीतीचा प्रश्न सोपा असतो, चोर दिसतो. सगळ्यांनी आपापली बादली इमानदारीनं भरून ठेवली अन् तरीही शेवटचं माणूस काकडत राहिलं, तर बोट कुणाकडं दाखवायचं?

आईला कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "मला गारच बरं वाटतं. ऊन पाण्यानं अंग मोडून येतं." आम्ही ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं.

एकदा चुलतभाऊ नगरहून सुट्टीला आलेला. अंघोळ करून, बादली ओतून तो निघाला तर आजी ओसरीवरून म्हणाली, "लाकूड सारलंस का?"

"आजी, मी बादली ओतली की."

"वतलीस, बरं केलंस. पर नेलंस काय रं तू? पाणी नेलंस का ऊन नेलंस? पाणी तर हिरीत बी व्हतं, गार. त्येच्यासाठी बंबापाशी कशाला आला व्हतास?"

पोरगं गप्प झालं. तात्या तिथंच दाढी करत बसले होते. त्यांनी आईच्या, म्हणजे आजीच्या, बोलण्याला हरकत घेतली. म्हणाले, "अगं, पण हा नियम सगळ्यांना कसा लागू व्हायचा? म्हातारं माणूस आहे, तापानं फणफणलेलं लेकरू आहे, बाळंतीण आहे. त्यांनी लाकूड सारलं नाही तर त्यांना ऊन पाणी द्यायचं नाही का?"

आजी म्हणाली, "ज्याला जमत न्हाई त्यानं सारू नये. ज्याला जमतं त्यानं दोन सारावीत."

पुढं आयुष्यात देणं-घेणं, हक्क-कर्तव्य यांवर मी पुष्कळ ऐकलं, वाचलं. पण आजीच्या या दोन वाक्यांत जेवढं होतं तेवढं एका जागी क्वचित सापडलं. कारण यात दोन वेगळे हिशेब वेगळे केलेले आहेत. एक बादलीचा हिशेब. तो मोजता येतो, ज्याचा त्याला फेडता येतो, फेडल्यावर संपतो. दुसरा जाळाचा. जाळ कुणाच्या नावावर नसतो. मला मिळालेली ऊब मी पेटवणाऱ्याला परत देऊ शकत नाही. ती माझ्या अंगात मुरली. फार तर मी मागच्याला ऊब मिळेल अशी तजवीज करू शकतो. म्हणून ते फेडणं मागं जात नाही, पुढं जातं. अन् किती फेडायचं हे मी किती घेतलं यावर ठरत नाही, माझ्या हातात किती जोर आहे यावर ठरतं.

आपल्याकडं ऋणांचा विचार जुना आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. त्यातलं पितृऋण तर बापाला परत करायचं नसतंच, पुढच्या पिढीला वाढवून फेडायचं असतं. म्हणजे पुढं फेडण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. फक्त पहाटे चारला उठून जाळ करणाऱ्या बाईचं ऋण त्या यादीत कुणी घातलं नाही. यादी करणारे बहुधा आधी अंघोळ उरकून बसलेले असावेत.

लाकूड तरी किती लागतं? १० लिटर पाणी १५ अंशांवरून ७० वर न्यायला जेवढी उष्णता लागते ती विजेच्या भाषेत पाऊण युनिटाहून कमी. वाळलेल्या लाकडातली दोन-तृतीयांश ऊब धुरावाटे गेली असं धरलं तरी अर्ध्या किलोच्या आसपास लाकूड. बाभळीचा एक बरा ढलपा. सात माणसांनी सात ढलपे सारले असते तर सातव्या बादलीतूनही वाफ निघाली असती. न्याय इतका स्वस्त होता. अन् तरी तो होत नव्हता, कारण बादलीचा आवाज येतो, लाकूड सारल्याचा येत नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी फार लहान होतो. घरची मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथं सुकडी मिळायची, तिची चव अजून जिभेवर आहे. त्या हिवाळ्यात बंब पेटला नाही. पाणीच नव्हतं. आजीनं तो पालथा घालून, वर पोतं टाकून ठेवला. शेजारणीनं विचारलं, अर्धा हंडा पाणी घालून थोडी आच दिली तर पोरांचे हातपाय तरी धुता येतील. आजी म्हणाली, "न्हाई. रिकाम्याला जाळ लावला की डाख सुटतो. मंग पाऊस आला तरी उपयोग न्हाई." हंडाभर पाणी तिनं चुलीवर पातेल्यात तापवलं.

तो नियम धातूचा आहे असं मी तेव्हा समजत होतो. पुढं कळलं की तो माणसांनाही लागू आहे. ज्याच्यात काही उरलं नाही त्याच्याकडूनच ऊब मागत राहिलं की तो एक दिवस जोडातून उसवतो, अन् मग भर पावसाळ्यातही त्यात काही ठरत नाही. घरोघरच्या बायका अशा जोडात उसवलेल्या मी पाहिल्या आहेत. चाळिशीत कंबर गेलेल्या, पन्नाशीत गप्प झालेल्या. त्यांना काय झालं असं घरच्यांनी डॉक्टरला विचारलं. डॉक्टर तपासून सांगत, विशेष काही नाही, अशक्तपणा आहे. खरंच होतं. बंबाला भोक पडलेलं नसतं. डाख सुटलेला असतो.

आमच्या घरातला क्रम बदलला तो तात्यांच्या लग्नानंतर. नवी चुलती शेवगावकडची. लग्नाला महिना झाला असेल, थंडी ऐन भरात. रोज पहाटे आई अन् ती आळीपाळीनं बंब पेटवत. एक दिवस ती भाकरी थापता थापता सहज म्हणाली, "आमच्याकडं जो बंब पेटवतो तो आधी न्हातो."

स्वयंपाकघरात कुणी बोललं नाही. बाहेर आजोबांनी खाकरून घेतलं. नव्या सुनेनं असं बोलायचं नसतं, हे तिलाही माहीत होतं. आजीनं भाकरीचा पापुद्रा सोडवत शांतपणे म्हटलं, "मंग उद्या कोन पेटवतो ते बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला राख ओढल्याचा आवाज आला. तात्या उठले होते. गोवऱ्या पेटेनात, धुरानं डोळे लाल झाले, तरी त्यांनी पेटवला अन् पहिली अंघोळ केली. त्याच्या दुसऱ्या दिवशी वडील उठले. तिसऱ्या दिवशी आईची पाळी होती, अन् नव्या नियमानं पहिली अंघोळही तिची.

आई न्हाणीत गेली अन् लवकर बाहेर येईना. फळकुटाच्या दाराच्या फटीतून वाफ येत होती. आत तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक तांब्या. शाळेला उशीर होतो म्हणून आम्ही कुरकुरलो तर आजीनं हातानंच गप्प केलं. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा तांबडा झाला होता. ती कुणाशी काही बोलली नाही. चुलीपुढं बसताना एवढंच म्हणाली, "आज पाणी चांगलं व्हतं."

गार पाणीच बरं वाटतं असं जी बाई पंधरा वर्षं सांगत होती, ती खोटं बोलत होती का? मला तसं वाटत नाही. जे मिळणारच नाही त्याची इच्छा माणूस हळूहळू सोडून देतो अन् मग सोडलेल्या जागेलाच आवड म्हणतो. म्हणून एखाद्याचं "मला चालतं" ऐकून निर्धास्त होण्याआधी एकदा त्याला पहिली बादली देऊन बघावं. तोवर ते उत्तर धरू नये.

अर्थात तात्यांचा प्रश्न राहिलाच. ते म्हणाले, "क्रम बदलून काय साधलं? कुणीतरी शेवटी असणारच." हे खरं आहे. रांग म्हटली की शेवट आलाच. पण आमच्या भावकीची विहीर चार वाटेकऱ्यांची. कुणाचा दिवस कोणता, रात्रपाळी कुणाची, हे कागदावर लिहून ठेवलेलं, अन् त्यावरून भांडणं कज्जापर्यंत गेलेली. पिकाच्या पाण्याला पाळी असते हे ज्यांना पाठ, त्यांनी न्हाणीतल्या पाण्याला पाळी असावी हे कधी मनात आणलं नव्हतं. शेवटी कुणीतरी असणार. पण रोज तेच माणूस असता कामा नये. अन् जो कुणी असेल त्याच्यापर्यंत जाळ जिवंत पाहिजे. पाळी अन् लाकूड, दोन्ही लागतं. नुसत्या पाळीनं गारठा वाटला जातो, ऊब नाही.

आता आमच्याकडं बंब फारसे राहिले नाहीत. बरेच मोडीत गेले, काही दिवाणखान्यात शोभेला उभे आहेत, त्यात कृत्रिम फुलं. बाथरूममध्ये गिझर, गच्चीवर सौर बंब. धूर गेला, डोळ्यांची आग गेली, पहाटे चारचं उठणं गेलं, हे फार चांगलं झालं. ज्यांना चुलीपुढं कधी बसावं लागलं नाही त्यांनी जुन्या धुराचं कौतुक करू नये. गॅसचा गिझर असेल तर तो बंद न्हाणीत लावू नये एवढं मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. त्याच्या विषारी वायूला वास नसतो अन् माणसं न्हाता न्हाता गेलेली आहेत.

गिझरमध्ये आजीचा दुसरा नियम आपोआप पाळला जातो. गरम पाणी जेवढं निघतं तेवढं गार पाणी नळातून आपण न ओतता आत शिरतं. तिसरा नियमही आपोआप; पाणी थंडावलं की आतली कळ पडते अन् वीज सुरू होते. लाकूड सारणारा दिसेनासा झाला. पण तो नाहीसा झालेला नाही. तो एकलहऱ्याला असतो, परळीला असतो, कोराडीला असतो. तिथंही मोठे बंबच आहेत, कोळशावर पाण्याची वाफ करणारे. २०१३ च्या दुष्काळात परळीचं वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं, तेव्हा मला आजीचा पोतं टाकून पालथा घातलेला बंब आठवला. नियम तोच, रिकाम्याला जाळ लावायचा नाही.

सौर बंबात तर लाकूड सूर्यच सारतो. पण रात्री तो सारत नाही, ढगाळ दिवशी सारत नाही. त्या दिवशी टाकीत जेवढी ऊब साठली तेवढीच घराची पुंजी. आधी न्हाणाऱ्यानं दोन बादल्या घेतल्या की शेवटच्याच्या वाट्याला तेच २५ अंशांचं पाणी. यंत्र बदललं, गणित तेच आहे. शिवाय गच्चीवरून ऊन पाणी खाली येईपर्यंत नळीतलं गार पाणी आधी वाहून जातं. टँकरवर जगणाऱ्या गावात ते बादलीत धरणं अन् भांड्यांना वापरणं हीदेखील लाकूड सारण्याचीच एक रीत.

माझा एक पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तिथली थंडी आपल्या कल्पनेबाहेरची. पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश जातो. पाणी गोठताना शेकडा ९ भाग फुगतं, त्यामुळं घरातली ऊब गेली की भिंतीतल्या नळ्या फुटतात. घर तापवणारी भट्टी बंद पडली तर तो अंघोळीचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो. त्यानं एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. त्या राज्यात हिवाळ्याच्या महिन्यांसाठी वेगळा नियम आहे. एखाद्या घराचं बिल थकलं, तरी त्यानं हप्ते ठरवून भरायची तयारी दाखवली तर त्या घराची ऊब तोडता येत नाही. थकबाकी माफ होत नाही. ती वहीत राहते, सवडीनं फेडायची. पण वही अन् जाळ या दोन गोष्टी वेगळ्या, हे तिथल्या कायद्यानं मानलं. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मंग त्यात नवं काय?

नवं आहे ते आपल्या जिल्ह्यासाठी. नगर जिल्ह्याला बॉयलर हा शब्द शिकवायला नको. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला अन् पुढं सगळ्या जिल्ह्यात चिमण्या उभ्या राहिल्या. दरसाल हंगामाआधी कारखान्या-कारखान्यांतून बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. पूजा, नारळ, भाषणं. आमच्या बंबाचाच हा थोरला भाऊ. उसाचा रस काढून उरलेला भुसा जाळून, त्याच उसाचा रस आटवणारा. त्यालाही जड पाणी चालत नाही, क्षार काढलेलंच लागतं. त्याचीही वेळच्या वेळी तपासणी. १९२३ सालापासून बॉयलरचा कायदा आहे अन् तपासनिसाच्या दाखल्याशिवाय त्याखाली जाळ घालता येत नाही.

त्याच सुमाराला आमच्या पाथर्डी तालुक्यातून गाड्या भरून माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती तोडीतून फिटेपर्यंत मागं फिरायचं नाही. ऐन थंडीत, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत मुक्काम. पहाटे तीन-चारला उठून, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करून, दवानं भिजलेल्या फडात शिरायचं. उसाच्या पात्यावरचं पाणी बाहीतून कोपरापर्यंत उतरतं. कुठल्या एका कारखान्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. रीतच तशी पडली आहे. हिशेब बघितला तर इथंही चूक सापडत नाही. उचल दिली, तोड घेतली, टनाचा भाव ठरला, वजन झालं, बाकी निघाली. बादली काढली, बादली ओतली.

पण ऊब कुणी घेतली? महाराष्ट्राच्या प्रत्येक चहाच्या कपात त्या फडातली पहाट विरघळलेली आहे. उसाच्या वजनात शंभरातले सत्तरच्या आसपास भाग पाणी असतं. रस आटवताना त्याची वाफ होते अन् वाफेचं पुन्हा कढत पाणी. म्हणजे कारखान्याकडं हंगामभर उष्णतेला तोटा नसतो. कारखान्याच्या कुशीत गाडीवानांचा तळ पडतो, तिथं बाया काटक्या गोळा करून घमेल्यात पाणी तापवतात. त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर तळासाठी आडोशाची न्हाणी अन् एक गरम पाण्याचा नळ, हे काम इंजिनिअरला अवघड नाही. फारसं खर्चाचंही नाही. ते सगळीकडं सहजपणे झालेलं दिसत नाही, याचं कारण उष्णतेची कमतरता हे नाही. बादलीचा हिशेब मिटला की आपलं काम संपलं, ही सवय आहे.

कुणी म्हणेल, हा उपकाराचा मामला झाला, न्यायाचा नव्हे. ठरलेली मजुरी दिली की मालक मोकळा. मी उलट म्हणेन. उपकार म्हणजे ज्याच्याशी आपला संबंध नाही त्याला दिलेली ऊब. इथं जाळच त्यांच्या हातांनी चालतो. गांधीजींनी रस्किनचं पुस्तक वाचलं अन् १९०८ साली गुजरातीत त्याचा सारांश लिहिताना त्याला सर्वोदय हे नाव दिलं. मूळ पुस्तकाच्या नावात शेवटच्या माणसाचा उल्लेख आहे. शेवटी आलेल्यालाही पहिल्याइतकंच द्यायचं, ही त्यातली गोष्ट. मोठ्या माणसांनी ती मोठ्या शब्दांत सांगितली. आमच्या अंगणात ती एवढीच होती की जाताना एक ढलपा सारावा.

आजी अन् आई दोघीही आता नाहीत. बंब आहे, थोरल्या भावानं डाख मारून घेतला, दिवाळीला तो अजून पेटतो. नातवंडांना त्याची गंमत वाटते, ती हौसेनं लाकडं घालतात. हौसेनं का होईना, घालतात. मी त्यांना न्यायाबद्दल काही सांगत नाही. फक्त अंघोळीचा क्रम दरवर्षी बदलतो अन् शेवटच्या बादलीत हात घालून बघतो. घर असो, कारखाना असो, राज्य असो, त्याचा कारभार कसा चाललाय हे पहिल्या बादलीच्या वाफेवरून कळत नाही. सातव्या बादलीत हात घालावा लागतो.